बहिऱ्या मुलांची वाचा : अँड्र्यू फॉस्टर यांचें आफ्रिकेंतील कार्य

अंगणांत खेळणाऱ्या मुलाला आई हांक मारते; मूल वळून पाहतें आणि धांवत येतें. ही गोष्ट इतकी नित्याची आहे कीं, तिच्यांत कांहीं नवल आहे असें कोणास वाटत नाहीं. परंतु ज्या मुलाला हांक ऐकूंच येत नाहीं त्याच्या अडचणींना याच साध्या गोष्टीपासून आरंभ होतो. हांक नाहीं, म्हणून उत्तर नाहीं. गोष्ट नाहीं, गाणें नाहीं, 'हें काय?' आणि 'तें कां?' हे प्रश्नहि नाहींत. लोक अशा मुलाला मुकें म्हणतात. वास्तविक त्याचा कंठ शाबूत असतो, जीभ शाबूत असते आणि बुद्धीहि शाबूत असते. शब्द कानावाटे आंत गेला नाहीं, म्हणून तो मुखावाटे बाहेर पडत नाहीं, एवढेंच. आडांतच नाहीं, तर पोहऱ्यांत कोठून येणार?

यावरून कोणी असा तर्क करील कीं, ज्याला कान नाहींत त्याला भाषाहि नाहीं. कित्येक शतकें जगानें असाच तर्क केला आणि बहिऱ्या मुलांना मंदबुद्धींच्या पंक्तीस बसविलें. हा तर्क खोटा आहे. भाषा ही मनाची शक्ति आहे. कान हें तिचें एक दार आहे. तें बंद असेल तर ती दुसऱ्या दारानें येते, आणि तें दुसरें दार म्हणजे डोळे. ज्या घरांत आईबाप खुणांच्या भाषेंत बोलतात, त्या घरांतलें बहिरें तान्हें मूल बोटांनीं निरर्थक खुणा घोळवूं लागतें. आणि तेंहि इतर मुलें 'बाबा', 'मामा' अशीं अक्षरें घोळवितात त्याच वयांत. हाताचें हें बोबडें बोलणें १९९१ सालीं अभ्यासकांनीं सप्रमाण दाखवून दिलें.

मात्र अशीं घरें फार थोडीं. शंभर बहिऱ्या मुलांपैकीं नव्वदांहून अधिक मुलें ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटीं जन्मास येतात. आईबापांना खुणांची भाषा येत नसते आणि मुलाला आईबापांची भाषा ऐकूं येत नसते. भूक, तहान, ये, जा, नको एवढ्यापुरते हातवारे घरोघर ठरतात. परंतु 'काल काय झालें', 'उद्यां काय होईल', 'असें कां' हें त्या हातवाऱ्यांत सांगतां येत नाहीं. भाषा शिकण्याचा खरा हंगाम आयुष्याच्या पहिल्या कांहीं वर्षांचा. पेरणीचा पाऊस टळून गेल्यावर शेतकऱ्यानें कितीहि घाम गाळला तरी पीक भरत नाहीं, तसेंच हें आहे. हिशेब मागाहून शिकतां येतो, भूगोल मागाहून शिकतां येतो. पहिली भाषा मात्र फार उशिरां शिकूं गेल्यास ती पुरतेपणीं अंगवळणीं पडत नाहीं. म्हणून बहिऱ्या मुलाच्या बाबतींत एकेक वर्षाला मोल असतें.

१९५७ सालच्या मार्च महिन्यांत पश्चिम आफ्रिकेंतील गोल्ड कोस्ट ही ब्रिटिश वसाहत स्वतंत्र झाली आणि तिनें घाना हें नांव धारण केलें. नवें राष्ट्र मोठ्या उमेदीनें कामास लागलें होतें. परंतु बहिऱ्या मुलांसाठीं त्या देशांत एकहि शाळा नव्हती. त्याच वर्षीं अक्रा या राजधानीच्या शहरीं तिशी नुकतीच ओलांडलेला एक अमेरिकन गृहस्थ येऊन दाखल झाला. त्याला येथील मुलांना बोलतें करावयाचें होतें. परदेशांतून परोपकारासाठीं आलेले लोक आफ्रिकेला नवे नव्हते. पण हा मनुष्य स्वतःच ठार बहिरा होता, ही गोष्ट मात्र नवी होती. त्याचें नांव अँड्र्यू फॉस्टर.

फॉस्टर यांचा जन्म १९२५ सालीं अमेरिकेच्या अलाबामा संस्थानांतील एन्सली येथें झाला. वडील कोळशाच्या खाणींत कामाला होते. वयाच्या अकराव्या वर्षीं मेंदू आणि कणा यांच्या आवरणाला सूज आणणाऱ्या तापानें अँड्र्यूला व त्याच्या भावाला गांठलें. त्यांत दोघांचेहि कान गेले. त्या काळीं अलाबामांत गोऱ्या मुलांच्या शाळा निराळ्या आणि काळ्या मुलांच्या निराळ्या असत, व बहिऱ्यांच्या शाळांसहि हा भेद चुकलेला नव्हता. काळ्या बहिऱ्या मुलांसाठीं टॅलडिगा गांवीं जी शाळा होती, तींतील शिक्षण खालच्या इयत्तांपलीकडे जात नसे. पुढें फॉस्टर उत्तरेकडे डेट्रॉइटला गेले. तेथें पोटासाठीं मिळेल तें काम करावें आणि उरलेल्या वेळांत टपालानें येणारे पाठ गिरवावे, असा क्रम त्यांनीं वर्षानुवर्षें चालविला. वॉशिंग्टन येथें बहिऱ्यांसाठीं १८६४ पासून गॅलॉडेट कॉलेज चालत आलें होतें. पण कृष्णवर्णीयांना तें दार फार काळ बंदच होतें. अखेर फॉस्टर यांना तेथें प्रवेश मिळाला आणि १९५४ सालीं त्या कॉलेजाची पदवी मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी ठरले. ते श्रद्धाळू ख्रिस्ती होते. १९५६ सालीं त्यांनीं आफ्रिकेंतील बहिऱ्यांसाठीं एक मिशन स्थापन केलें, ठिकठिकाणीं फिरून निधि जमविला आणि दुसऱ्या वर्षीं आफ्रिकेचा किनारा गांठला.

फॉस्टर यांनीं बरोबर काय नेलें? खरें सामान त्यांच्या दोन हातांत होतें. तें म्हणजे अमेरिकन खुणांची भाषा. या भाषेचा पूर्ववृत्तांत थोडक्यांत समजून घेणें अवश्य आहे. कारण तीहि एके काळीं परदेशांतून आलेली पाहुणीच होती.

१८१५ सालीं टॉमस गॅलॉडेट हे अमेरिकन गृहस्थ बहिऱ्यांना शिकविण्याची विद्या शोधीत युरोपांत गेले. पॅरिसच्या प्रसिद्ध शाळेंतील लोरां क्लेर या बहिऱ्या शिक्षकाशीं त्यांची गांठ पडली. १८१६ सालीं क्लेर आपला देश सोडून त्यांच्याबरोबर जहाजानें अमेरिकेस निघाले. त्या लांबच्या प्रवासांत त्यांनीं गॅलॉडेट यांना खुणा शिकविल्या आणि त्यांच्याकडून इंग्रजी शिकून घेतलें. गुरु कोण आणि शिष्य कोण, हें त्या जहाजावर सांगणें कठीण होतें. तीन वर्षांच्या बोलीनें आलेले क्लेर पुढें जन्मभर अमेरिकेंतच राहिले.

१८१७ सालीं हार्टफर्ड येथें शाळा उघडली. तेथें आलेलीं मुलें रिकाम्या हातांनीं आलीं नव्हतीं. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ मार्थाज व्हिनयार्ड नांवाचें एक बेट आहे. आनुवंशिक बहिरेपणामुळें त्या बेटावर इतके बहिरे लोक असत कीं, त्यांचे ऐकणारे शेजारीहि सहज खुणांनीं बोलत. त्या बेटावरच्या मुलांनीं आपल्या खुणा शाळेंत आणल्या, इतर मुलांनीं आपापल्या घरच्या आणल्या, आणि क्लेर यांच्या पॅरिसच्या खुणांत त्या मिसळून गेल्या. दोन प्रवाहांच्या संगमानें मोठी नदी व्हावी तशी त्यांतून एक नवी भाषा झाली. बाहेरून आलेल्या भाषेनें घरच्या भाषेला जवळ केल्यास काय होतें, याचा हा दाखला पुढील हकीकतीसाठीं ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

परंतु या भाषेचे दिवस फार काळ सुखाचे गेले नाहींत. १८८० सालीं इटलींतील मिलान शहरीं बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली. तींत बहुतेक सारे प्रतिनिधि ऐकणारे होते. त्यांनीं ठराव केला कीं, बहिऱ्यांना मुखानेंच बोलावयास शिकवावें, खुणा वर्ज्य कराव्या. त्यानंतर अनेक देशांतील शाळांतून खुणा हद्दपार झाल्या आणि बहिऱ्या शिक्षकांच्या जागाहि गेल्या. ओंठांच्या हालचालींवरून शब्द ओळखणें ही विद्या थोड्यांना साधते, पुष्कळांना साधत नाहीं. कारण कित्येक वर्ण ओंठांवर सारखेच दिसतात. 'प', 'ब' आणि 'म' हे आरशासमोर उभें राहून उच्चारून पाहिल्यास हें कोणाच्याहि प्रत्ययास येईल. या परिषदेच्या परंपरेंतील १३० वर्षांनंतरच्या, म्हणजे २०१० सालच्या, व्हँकूव्हर येथील परिषदेनें तो जुना ठराव नाकारला आणि त्यानें केलेल्या हानीबद्दल खेद व्यक्त केला.

फॉस्टर अक्र्याला पोंचले तेव्हां खुणांची भाषा ही खरी भाषा आहे हें पंडितांनाहि मान्य नव्हतें. तें काम त्यांच्याच कॉलेजांतील विल्यम स्टोको या अध्यापकानें १९६० सालीं केलें. तोंडच्या शब्दाचे जसे वर्ण पाडतां येतात तसे खुणेचेहि घटक पाडतां येतात, असें त्यांनीं दाखविलें : पंजाचा आकार, हात ठेवण्याची जागा आणि हाताची गति. एक घटक बदलला कीं अर्थ बदलतो. या भाषेला व्याकरणहि आहे. 'देणें' या खुणेंत हात देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जातो. कोणीं दिलें आणि कोणाला दिलें हें हाताच्या दिशेवरूनच कळतें, विभक्तीच्या प्रत्ययाची गरज उरत नाहीं. भुंवया उंचावल्या कीं विधानाचा प्रश्न होतो. सारांश, हे कांहीं मुक्यांचे हातवारे नव्हेत. तर्क, विनोद आणि आठवण हें सारें पेलणारी ही भाषा आहे.

अक्रा येथें फॉस्टर यांनीं इमारतीची वाट पाहिली नाहीं. दुसऱ्या शाळेची वेळ संपल्यावर तिच्या वर्गांत बहिऱ्यांना शिकविण्याची परवानगी त्यांनीं मिळविली. मुलांबरोबर मोठीं माणसेंहि शिकावयास आलीं. त्यांपैकीं कित्येकांना आपल्यासारखीं इतकीं माणसें जगांत आहेत हेंच तोंवर ठाऊक नव्हतें. घरांत बहिरें मूल असणें हा देवाचा कोप समजून त्याला लोकांच्या नजरेआड ठेवण्याची रीत अनेक ठिकाणीं होती. त्यामुळें बहिरीं मुलें नाहींतच, असा समज सहज होई. शाळा उघडल्यावर तीं कोठून कोठून येऊं लागलीं. लवकरच हें काम अक्र्याच्या उत्तरेस डोंगरावर असलेल्या मांपाँग गांवीं गेलें आणि तेथें मुलांच्या राहण्याची सोय झाली.

अशा वर्गांत पाठ कसा चालतो, हेंहि पाहण्यासारखें आहे. शिक्षक पाण्याचें भांडें पुढें ठेवतो आणि पाण्याची खूण करतो. मुलें ती खूण करून पाहतात. मग बोटांच्या वर्णमालेनें तो शब्दांतील एकेक अक्षर दाखवितो आणि अखेरीस फळ्यावर शब्द लिहितो. वस्तु, खूण, अक्षर आणि लेखन अशा चार पायऱ्या होतात. जेथें शक्य असेल तेथें ओंठांवरील उच्चाराचीहि जोड दिली जाते. आरंभीं मूल नुसती नक्कल करतें. परंतु एके दिवशीं त्याला तहान लागते, समोर पाणी नसतें आणि तें पाण्याची खूण करतें. त्या क्षणीं खूण हा शब्द झाला. समोर नसलेल्या वस्तूविषयीं मूल बोललें. भाषेचें दार उघडतें तें येथें.

शिक्षक स्वतः बहिरा असल्यानें आणखी एक गोष्ट आपोआप घडे. मुलाला त्याच्यांत आपलें पुढचें रूप दिसे. ऐकूं न येणारा मनुष्य वाचतो, लिहितो, प्रवास करतो आणि चारचौघांत मानानें वागतो, हें प्रत्यक्ष डोळ्यांनीं दिसल्यावर वेगळ्या उपदेशाची गरज कसली? मुलाच्या आईबापांनाहि तोच धडा मिळे, आणि त्याची गरज पुष्कळदां मुलापेक्षां त्यांनाच अधिक असे.

तथापि फॉस्टर यांचें खरें वैशिष्ट्य शाळा काढण्यांत नसून ती सोपवून देण्यांत होतें. शाळा उभी राहिली कीं तेथील माणसें तयार करावीं, त्यांच्या हातीं कारभार द्यावा आणि आपण पुढच्या गांवीं जावें, अशी त्यांची पद्धति होती. ज्यांना त्यांनीं तयार केलें त्यांत बहिरे आफ्रिकन तरुण पुष्कळ होते. काल वर्गांत बसलेला विद्यार्थी उद्यां वर्गापुढें उभा राही. १९६० सालीं नायजेरियांतील इबादान येथें शाळा निघाली, आणि पुढें त्याच शहरीं निरनिराळ्या देशांतून येणाऱ्या शिक्षकांसाठीं वर्ग चालूं लागले. टोगो, आयव्हरी कोस्ट, बेनिन, कॅमेरून, चाड असें करतां करतां तेरा देशांत मिळून तीसहून अधिक शाळा उभ्या राहिल्या. फ्रेंच चालणाऱ्या देशांत त्यांनीं त्याच खुणांना फ्रेंच लेखनाची जोड दिली. १९८७ सालच्या डिसेंबरांत रवांडा देशांत एका लहान विमानाच्या अपघातांत त्यांचा अंत झाला. पण काम थांबलें नाहीं. तें एका माणसावर उभेंच नव्हतें.

येथवरची हकीकत कोणालाहि धन्य वाटेल अशी आहे. परंतु तिला एक दुसरी बाजू आहे, आणि ती झांकून ठेवणें सत्याला धरून होणार नाहीं.

अक्र्यापासून फार लांब नाहीं अशा ठिकाणीं आदामोरोबे नांवाचें एक खेडें आहे. मार्थाज व्हिनयार्डप्रमाणेंच येथेंहि आनुवंशिक बहिरेपण पिढ्यान्पिढ्या चालत आलेलें आहे. म्हणून या खेड्यानें स्वतःची अशी एक खुणांची भाषा घडविली. ती फॉस्टर येण्यापूर्वीं कितीतरी आधींपासून तेथें नांदत होती; पॅरिसशीं किंवा हार्टफर्डशीं तिचा कांहीं संबंध नव्हता. शेतावर, बाजारांत आणि घरीं बहिरे तींत बोलत आणि त्यांचे ऐकणारे शेजारीहि तींत बोलत. येथील बहिरें मूल भाषेवांचून वाढत नसे. त्याला भाषा आजीच्या हातांवरच दिसे. पुढें या गांवचीं मुलें मांपाँगच्या शाळेंत राहूं लागलीं. शाळेंतील खुणा अमेरिकन वळणाच्या होत्या. तींच मुलें मोठीं झाल्यावर तींच वळणें घेऊन गांवीं परतलीं. व्हिक्टोरिया निस्ट या डच विदुषींनीं २००७ सालीं या खेड्याच्या भाषेचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें, तेव्हां तरुण पिढीचा ओढा शाळेच्या भाषेकडे गेलेला होता. आज आदामोरोबेची भाषा ऱ्हासाच्या वाटेवर असलेल्या भाषांत मोजली जाते.

याचा दोष फॉस्टर यांना द्यावा काय? तसें करणें अन्यायाचें होईल. ज्या हजारों मुलांच्या घरीं कोणतीच भाषा नव्हती, त्यांच्यासाठीं ते धांवले. आणि तहानेल्याला पाणी देतांना विहीर कोणाची, हें कोणी विचारीत बसत नाहीं. शाळेच्या भाषेनें मांपाँगच्या मुलाला देशांतील इतर बहिऱ्यांशीं जोडलें, त्याला पुस्तक उघडून दिलें. शिवाय घानांत ती भाषा जशीच्या तशी राहिली नाहीं. तेथील लोकांचे हावभाव आणि तेथील जीवनांतल्या वस्तु यांच्या खुणा तींत येऊन मिळाल्या आणि तिला आतां घानाची खुणांची भाषा म्हणूनच ओळखतात. म्हणजे हार्टफर्डला जें घडलें तेंच थोड्या प्रमाणांत येथेंहि घडलें. उणीव राहिली ती एवढीच कीं, त्या मुलांच्या हातांत आधींपासून काय आहे याची विचारपूस त्या काळीं कोणीं पुरतेपणीं केली नाहीं. जेथें विहीर नव्हती तेथें खणलेली विहीर हें पुण्य. परंतु जेथें झरा होता तेथें तो बुजूं न देणें हेंहि पुण्यच.

हीच विचारपूस आधीं केल्यास काय होतें, याचें एक उदाहरण भारतांतील आहे आणि मुंबईशीं त्याचा प्रत्यक्ष संबंध आहे. मदन वसिष्ठ हेहि फॉस्टर यांच्याप्रमाणें अकराव्या वर्षीं बहिरे झालेले. तेहि पुढें वॉशिंग्टनच्या त्याच गॅलॉडेट कॉलेजांत शिकले. १९७७ सालापासून वसिष्ठ आणि त्यांचे अमेरिकन सहकारी जेम्स वुडवर्ड व कर्क विल्सन यांनीं दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि बंगलोर येथील बहिऱ्यांच्या खुणा टिपण्याचें काम हातीं घेतलें. अमेरिकन खुणांचें पुस्तक उघडून त्यांना येथें वर्ग सुरू करतां आला असता. त्याऐवजीं येथील बहिरे आपसांत कसे बोलतात, हें त्यांनीं आधीं पाहिलें. चारहि शहरांतील खुणांत मोठें साम्य आढळलें, आणि भारतांत बहिऱ्यांची स्वतःची भाषा आधींपासून आहे हें त्यावरून स्पष्ट झालें. पुढें जे कोश झाले आणि जे शिक्षक तयार झाले, त्या कामाला अशा पाहणीचा पाया लाभला.

आजहि अनेक देशांतील तरुण स्वयंसेवक म्हणून परदेशीं जातात. कोणी बहिऱ्या मुलांमध्यें काम करतो, कोणी ज्यांचे हातपाय व जीभ ताब्यांत नाहींत अशा मुलांना चित्रांच्या पाटीवर बोट किंवा नजर ठेवून मनांतलें सांगावयास शिकवितो. पुष्कळांचा मुक्काम चार-सहा आठवड्यांचा असतो. एवढ्या मुदतींत मुलाला भाषा येत नाहीं. त्याला एका नव्या माणसाचा लळा मात्र लागतो, आणि तो माणूस निघून जातो. म्हणून अशा कामास निघणाऱ्यानें कांहीं गोष्टी मनाशीं पक्क्या कराव्या. मुलाला शिकविण्याआधीं तें घरीं आईशीं कसें बोलतें हें पाहावें, आणि त्याच्या त्या तोडक्यामोडक्या खुणांना पहिला मान द्यावा. जें शिकवावयाचें तें एकट्या मुलाला न शिकवितां आईला, भावंडांना आणि शेजारच्या सवंगड्यांना मिळून शिकवावें. कारण बोलावयास दुसरें कोणी नसेल तर भाषा वाळून जाते. त्या गांवांतील मोठ्या बहिऱ्या माणसांना शोधून काढावें, कारण मुलांचे खरे गुरु तेच. आणि आपण गेल्यावर हें काम कोणाच्या हातीं राहील, या प्रश्नाचें उत्तर पहिल्याच दिवसापासून तयार करीत जावें.

क्लेर यांनीं जहाजावर शिकवितां शिकवितां शिकून घेतलें. फॉस्टर यांनीं शाळा उभारतां उभारतां ती सोपवून दिली. या दोन गोष्टी ज्याला साधल्या, त्याचें काम तो परतल्यावरहि चालत राहतें. अंगणांतल्या त्या मुलाला आईची हांक कधींच ऐकूं येणार नाहीं; पण आईचा हात उचललेला दिसतांच तें धांवत येईल आणि धांवत येऊन कांहींतरी सांगूंहि लागेल. तें काय सांगतें हें समजण्याइतकें त्या आईला शिकवून जो निघाला, त्याचें परदेशीं जाणें सार्थकीं लागलें.